पटावरची फौज आणि घेऱ्यातला माणूस

ऐतिहासिक कादंबरी, बखर, पोवाडा आणि नाटक यांची चिकित्सा आपल्या नियतकालिकांतून गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ झाली. इतिहासाचे नायक कसे घडविले गेले, त्यांच्याभोवतीची माणसे कशी पुसली गेली, हे दलित समीक्षेने वारंवार दाखवून दिले आहे. परंतु हाच इतिहास मुलाच्या हाताला सर्वप्रथम ज्या वस्तूंतून लागतो, त्या खेळण्यांकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. अक्षरओळख होण्यापूर्वी मूल फौज मांडते. राजा कुठे बसतो, पहारा कोणी करायचा, मरायला पुढे कोण जाणार, याचे धडे त्याला पाटी-पेन्सिलीच्या अगोदर मिळतात. आणि धडे देणाऱ्याला आपण काही शिकवीत आहोत याचे भान नसते. म्हणून ते अधिक खोल जातात.

या लेखात मी तीन पटांचा विचार करणार आहे. पहिला बुद्धिबळाचा. दुसरा, पुण्यात दिवाळीला वाड्यावाड्यांत, सोसायट्यांत आणि वस्त्यांत मांडल्या जाणाऱ्या मातीच्या किल्ल्याचा. तिसरा, प्राचीन सैन्यांच्या बोटाच्या पेराएवढ्या प्रतिकृती टेबलावर मांडून, फासे टाकून आणि मोजपट्टीने अंतर मोजून लढाई खेळण्याचा. हा तिसरा खेळ इंग्लंडात वाढला. तिन्ही पटांना मी दोनच प्रश्न विचारणार आहे. पटावर कोणाला जागा आहे? आणि जो मरतो त्याची मोजदाद होते का? कोणत्याही युद्धखेळाची, आणि पुढे जाऊन कोणत्याही इतिहासलेखनाची, नैतिक परीक्षा या दोन प्रश्नांत सामावलेली आहे असे मला वाटते.

एक

बुद्धिबळाचे मूळ चतुरंगात आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही प्राचीन भारतीय सैन्याची चार अंगे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त या खेळाचा उल्लेख सापडतो. म्हणजे टेबलावर प्राचीन सैन्य मांडण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. ती किमान तेराशे वर्षे आपल्या घरात आहे.

या पटाची रचना नीट पाहावी. प्रत्येक मोहऱ्याची चाल ठरलेली आहे आणि ती त्याच्या जन्माबरोबर आलेली आहे. हत्ती हत्तीसारखा चालेल, उंट उंटासारखा. मोहऱ्यांना किंमत आहे आणि ती चढत्या क्रमाने आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिचे चित्र काढायला सांगितले तर चौसष्ट घरांच्या या पटाहून नेमके चित्र सापडणार नाही. सर्वांत पुढे प्यादी. त्यांना मागे फिरता येत नाही. ती मेली तरी डाव थांबत नाही.

प्याद्याला एक आशा मात्र दाखविलेली आहे. शेवटच्या घरात पोचले की ते मोठे होते. जुन्या देशी नियमांत तर ते ज्या घरात पोचेल त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. घोड्याच्या घरात पोचलेले प्यादे घोडा होई. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील मार्केटयार्डात हमाली करीत. मला नोकरी लागली तेव्हा 'प्याद्याचा वजीर झाला' असे कौतुक अनेकांनी केले. कौतुक मनापासूनचे होते. परंतु त्यातला विचार तपासण्यासारखा आहे. वजीर झालेले प्यादे प्यादे राहत नाही. उरलेल्या सात प्याद्यांचे काय झाले हे कोणी विचारत नाही. बहुधा ती मेलेली असतात. आणि पट जसाच्या तसा राहतो. शिकलेल्या दलिताकडे प्रस्थापित समाज ज्या नजरेने पाहतो, ती नजर या पटावर तयार झालेली आहे.

गंमत अशी की ज्या काळाचे सैन्य हा पट दाखवितो, त्या काळाच्या राजनीतीला प्यादे इतके हलके वाटत नव्हते. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'च्या नवव्या अधिकरणात सैन्याच्या वर्णांची चर्चा आहे. ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र यांच्या सैन्यांत आधीचे नंतरच्यापेक्षा श्रेष्ठ, असे पूर्वाचार्यांचे मत. कौटिल्य ते मान्य करीत नाही. ब्राह्मणांचे सैन्य शत्रूला नुसत्या नमस्काराने जिंकता येते असे तो म्हणतो. त्यापेक्षा शस्त्रविद्येत तयार झालेले क्षत्रिय सैन्य बरे, किंवा संख्येने मोठे असे वैश्य-शूद्रांचे सैन्य बरे.

कौटिल्य समतावादी होता असे मला यातून सुचवायचे नाही. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात दोन नियम आहेत, ते एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. सरहद्दीवरच्या ठाण्यांमधल्या प्रदेशाचे रक्षण पारध्यांनी, शबर-पुलिंदांनी, चांडाळांनी आणि अरण्यात राहणाऱ्यांनी करावे, हा एक. नगरात चांडाळांची वस्ती स्मशानाच्या कडेला असावी, हा दुसरा. राज्याची हद्द ज्याने राखायची त्याने मुक्काम मसणवटीत करायचा. रक्षणासाठी हवा आणि राहण्यासाठी नको, असा हा माणूस चतुरंगाच्या चारही अंगांत नाही. त्याच्यासाठी मोहरा घडविलाच गेला नाही.

दोन

हाच माणूस शोधीत आपण पुण्याच्या दिवाळीत येऊ.

दगड, विटा, पोती आणि माती यांचा ढिगारा रचून, त्याला तटबंदी, बुरूज आणि दरवाजे करून, वर अळीव किंवा मोहरी पेरून मुले किल्ला करतात. चार दिवसांत हिरवळ उगवते. मग कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून किंवा रस्त्यावरच्या दुकानांतून 'चित्रे' आणायची. माथ्यावर सिंहासनावर शिवाजी महाराज. दरवाजात भालदार. बुरुजावर तोफा. उतारावर ढाल-तलवार घेतलेले मावळे, एक तुतारी फुंकणारा, एखादा घोडेस्वार. खाली पायथ्याला गाव: शेतकरी, बैलगाडी, जात्यावर दळणारी बाई, पाणी शेंदणारी बाई, गवळण, वारकरी, वासुदेव, न्हावी, लोहार.

पर्वतीच्या पायथ्याच्या आमच्या वस्तीतही किल्ले होत. टेकडीची माती फुकट होती. महाराजांची एक मूर्ती आणि दोन मावळे एवढेच विकत घेणे परवडे. बाकीची फौज काड्यापेटीच्या काड्यांची. त्या खेळातला आनंद मी नाकारणार नाही. मुलांच्या हातांनी माती कालवून केलेली ही एक खरी लोककला आहे आणि शहरात अशा कला थोड्याच उरल्या आहेत. ज्या राजाने आमच्या पूर्वजांच्या हाती पहाऱ्याचे काम दिले, त्याच्याविषयी आमच्या वस्तीत परकेपणा कधीच नव्हता. १८६९ साली त्याचा पवाडा लिहिणारे जोतीराव फुले याच शहराचे.

प्रश्न मांडणीचा आहे. पायथ्याच्या गावात न्हावी आहे, लोहार आहे. म्हणजे बलुतेदारी दाखवायची आहे. मग त्याच यादीतले महार, मांग, चांभार कुठे आहेत? मी गेली काही वर्षे हे संच मुद्दाम पाहत आलो आहे. मला ते दिसले नाहीत. कुंभाराचा यात दोष नाही. जे खपते तेच तो साच्यातून काढतो. ज्यांची मागणी नाही त्यांचा साचा नाही, एवढा हा सरळ हिशेब आहे.

आणि गडाचे काय? मराठेशाहीच्या गडांची व्यवस्था आपल्याला माहीत आहे. हवालदार, सबनीस, सरनोबत यांच्या हाती गडाचा कारभार. गडाच्या खाली सभोवार घेरा. घेऱ्यात मेटे, म्हणजे चौक्या. आणि तिथे राखण करणारे रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी. शत्रू चढू लागला तर त्याची पहिली गाठ या माणसांशी. रान त्यांच्या माहितीचे, वाटा त्यांच्या पायाखालच्या. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही गावे आजही पुणे जिल्ह्याच्या नकाशावर त्याच नावांनी आहेत. दिवाळीच्या किल्ल्यावर मात्र तट आहे, बुरूज आहे, घेरा नाही. गडाचे पहिले संरक्षण ज्यांच्या छातीवर होते, तेवढीच जागा मोकळी राहिली आहे.

काही वर्षांपूर्वी एका किल्ले स्पर्धेत मी परीक्षक होतो. आम्ही तिघे होतो आणि आमच्या हाती गुणांचा तक्ता होता: रचना, स्वच्छता, ऐतिहासिकता, माहिती सांगणे. एका वस्तीतल्या मुलांनी तटाच्या खाली, उतारावर, काड्यांची एक झोपडी करून तिच्यापुढे मातीचा एक माणूस उभा केला होता. तो विकतचा नव्हता. घरी वळलेला, ओबडधोबड, हातात काठी. माझ्या सहपरीक्षकांनी विचारले, "हा कोण रे?"

मुलगा म्हणाला, "सर, हा मेटावरचा. घेऱ्याची राखण करतो. आमच्यातला आहे."

"मग त्याला गडावर का नाही ठेवला?"

मुलगा थोडा थांबला. म्हणाला, "वर जागा नव्हती, सर."

ऐतिहासिकतेच्या रकान्यात त्या किल्ल्याचे गुण कापले गेले. 'विषयाशी संबंध नसलेली चित्रे' असा शेरा पडला. मी माझे गुण पूर्ण दिले आणि शेऱ्याला लेखी हरकत घेतली. निकालात फरक पडला नाही. त्या तक्त्यावर जे अनैतिहासिक ठरले, तेच त्या रांगेतल्या सगळ्या किल्ल्यांवरचे सर्वांत ऐतिहासिक चित्र होते. आणि 'वर जागा नव्हती' हे उत्तर त्या मुलाने आपल्या किल्ल्याच्या आकाराविषयी दिले होते. त्याच्या पलीकडचा अर्थ लावणे हे आपले, वडीलधाऱ्यांचे काम आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली; अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. या निमित्ताने आता फलक लागतील, पुस्तिका निघतील, प्रतिकृती होतील. त्या प्रतिकृतींत घेरा असेल का, हा प्रश्न आजच विचारायला हवा. दगडाचा वारसा नोंदविताना तो दगड राखणाऱ्याचा वारसा गळू नये.

तीन

तिसरा पट माझ्या एका माजी विद्यार्थ्यामुळे मला पाहायला मिळाला. परदेशातल्या नोकरीवरून येताना तो प्राचीन सैन्यांचे दोन संच घेऊन आला होता आणि सुटीच्या दोन दुपारी आम्ही ते मांडून खेळलो.

या खेळाची वंशावळ थोडक्यात अशी. १८२४ साली प्रशियातल्या राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर फाशांनी खेळायचा युद्धखेळ सिद्ध केला. १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून शिशाच्या शिपायांचा खेळ दिवाणखान्यात आणला; पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. प्राचीन सैन्यांसाठीचे नियम इंग्लंडात फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून प्रसिद्ध केले. त्यांच्या १९९० च्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' या छोट्या नियमावलीत प्रत्येक सैन्य बारा तुकड्यांचे असते. त्यासोबत सैन्यांच्या याद्या दिलेल्या असतात: रोमन, इराणी, मॅसिडोनियन, आणि प्राचीन भारतीयही. भारतीय यादीत हत्ती, रथ, घोडदळ, धनुर्धारी.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या बखरकारांपेक्षा आणि ऐतिहासिक कादंबरीकारांपेक्षा हा खेळ एका बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. सेनापती दैवी पुरुष नाही; त्याचीही तुकडी फाशाने पडते. डोंगर चढताना दमछाक होते, चिखलात घोडदळ कुचकामी ठरते, आणि किती तुकड्या हलवता येतील हे फासा ठरवितो. पराक्रमाच्या वर्णनांनी भरलेली आमची क्रमिक पुस्तके वाचून आलेल्या विद्यार्थ्याला हा खेळ भूमी, अंतर आणि संख्या यांचा विचार करायला लावतो. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, पानिपत मला पहिल्यांदा इथे समजले." त्याचे म्हणणे मला पटते.

परंतु पानिपत म्हटले की माझे दोन प्रश्न पुढे येतात. या नियमांत तुकड्यांच्या जाती आहेत. आणि त्यांत एक जात झुंडीची आहे. प्रशिक्षण नसलेले, जबरदस्तीने आणलेले, हत्यार धड नसलेले पायदळ म्हणजे झुंड. दुसरी गोष्ट छावणीची. सैन्यामागे छावणी मांडायची असते आणि तिच्यात बिनलढाऊ लोकांची एक तुकडी ठेवता येते. साधारणपणे चार तुकड्या गमावणारा पक्ष हरतो. छावणीतली ती माणसे मेली तर या मोजणीत धरली जात नाहीत.

हा नियम वाचून मी थांबलो. कारण त्या तुकडीला मराठीत शब्द आहे, आणि तो शिवीसारखा वापरला जातो. बाजारबुणगे. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची कारणे सांगताना बुणग्यांचे ओझे हे कारण आपल्या शाळांत आजही सांगितले जाते. हे बुणगे कोण होते? घोड्यांना गवत कापून आणणारे, पखालीने पाणी वाहणारे, लाकूड फोडणारे, जनावरे सोलणारे, खोगिरे-पादत्राणे सांधणारे, तंबू ठोकणारे, घाण उचलणारे, स्वयंपाक करणाऱ्या आणि दळणाऱ्या बाया. यात्रेकरू होते, सरदारांची कुटुंबेही होती. पण ज्यांच्यावाचून फौज एक मुक्कामही पुढे सरकली नसती, अशा कष्टकऱ्यांचा भरणा त्यात मोठा होता. घोडदळाच्या घोड्याने गवत खाल्ले, ते गवत कोणी आणले? ज्याने आणले तो ओझे, आणि ज्याच्या घोड्याने खाल्ले तो वीर. श्रमाला ओझे म्हणण्याची ही भाषा युद्धशास्त्रातून आलेली नाही. गावगाड्यातून ती छावणीत गेली आणि छावणीतून इतिहासाच्या पुस्तकात आली.

इंग्रज नियमकाराच्या मनात आपली जात नव्हती. त्याला खेळ आटोपशीर करायचा होता. तरीही त्याची मोजणी आणि आपल्या इतिहासकारांची मोजणी एकच निघते, ही विचार करण्याजोगी बाब आहे. युद्धाकडे सेनापतीच्या उंचीवरून पाहिले की कोणत्याही देशात तळातला माणूस मोजणीबाहेर जातो. आपल्या देशात त्या बाहेर जाण्याला धर्माचा आधार मिळाला, एवढे वेगळेपण.

छावणीत कोणाचा तंबू कुठे, हाही प्रश्न आपल्याकडे उभा राहिलेला आहे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईतील शिदनाक महाराची हकिकत आपल्या चळवळीत सांगितली जाते. महारांचे तंबू इतरांच्या तंबूंमध्ये आल्याची तक्रार झाली. त्याच शिदनाकाने पुढे रणात परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचविला. टेबलावर तंबू मांडताना खेळाडू फक्त शत्रूचे अंतर मोजतो. आमच्या छावणीत विटाळाचेही अंतर मोजले जात होते.

चार

येथवर मी इतरांचे पट तपासले. आता आपला पट तपासला पाहिजे, नाहीतर ही समीक्षा अर्धवट राहील.

गेल्या काही वर्षांत भीमा-कोरेगावच्या लढाईची चित्रे, फलक आणि देखावे पुष्कळ झाले. त्यांत बहुधा एक मांडणी असते: एका बाजूला पाचशे महार, दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस हजारांची पेशवाई. ही मांडणी का आली हे मला कळते. ज्या शहरात, बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त नोंदविल्याप्रमाणे, अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, त्या शहराच्या सत्तेविरुद्ध आपली माणसे बंदूक घेऊन उभी राहिली, ही गोष्ट लहान नाही. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः त्या स्तंभाजवळ गेले. २०१८ च्या त्याच दिवशी तेथे जमलेल्या लोकांना हिंसाचाराला तोंड द्यावे लागले. तो स्तंभ आपल्या जगण्याचा भाग आहे.

म्हणूनच त्याच्यावर काय कोरले आहे ते आपण नीट वाचले पाहिजे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली. सुमारे पाचशे पायदळ, अडीचशेहून अधिक घोडेस्वार, मद्रासचे चोवीस तोफखानावाले आणि दोन तोफा. समोर पेशव्यांची फौज अठ्ठावीस हजारांच्या घरातली. प्रत्यक्ष गावावर चालून आलेले सुमारे दोन हजार, त्यांत अरबही होते. दिवसभर पाण्यावाचून लढाई झाली. स्तंभावर कंपनीच्या मृत सैनिकांची ४९ नावे आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययाने संपणारी, म्हणजे महारांची. उरलेली सत्तावीस इतरांची. बावीस हा आकडा पाचशेपेक्षा लहान आहे, परंतु तो दगडावर नावानिशी आहे. देखाव्यातल्या पाचशे एकसारख्या शिपायांपेक्षा ही बावीस नावे मला मोठी वाटतात. पटावरचा मोहरा निनावी असतो. येथे तो नावाने उभा आहे. ही त्या स्तंभाची खरी ताकद आहे आणि फुगविलेला आकडा तिला कमी करतो.

आणखी एक गोष्ट दोन रंगांच्या पटावर मावत नाही. कोरेगावच्या अगोदर दोन महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली. लहुजी वस्ताद साळवे यांचे वडील राघोजी त्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने लढताना पडले, असे परंपरा सांगते. त्याच लहुजींच्या तालमीत पुढे जोतीराव दांडपट्टा शिकले. म्हणजे मांग खडकीला पेशव्यांकडून पडतो, महार कोरेगावला पेशव्यांविरुद्ध पडतो, आणि दोघांची मुलेनातवंडे गंज पेठेच्या आसपास एकाच अस्पृश्यतेत वाढतात. दोघांच्याही राजाने त्यांना माणूस म्हणून जागा दिली नव्हती. कंपनी सरकारचे वारसही वेगळे निघाले नाहीत. गरज सरल्यावर, १८९० च्या दशकात, त्यांनी महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. या पुण्यातून शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे विनंती पाठविली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. मरण्याचा हक्क मागण्यासाठी अर्ज करावे लागले, अशी आमची लष्करी परंपरा आहे.

तेव्हा किल्ल्यावर एक महार मावळा ठेवला, टेबलावरच्या यादीत एक महार तुकडी घातली, म्हणजे आपला प्रश्न सुटला असे मला वाटत नाही. तो ठेवला पाहिजे. त्या मुलाचे गुण कापले जाता कामा नयेत. पण आपले मागणे एका मोहऱ्यापुरते असेल तर पट तोच राहील आणि आपण त्यावर आपला वजीर शोधत बसू.

पाच

प्राचीन सैन्यांच्या या चर्चेत एक सैन्य अजून यायचे आहे. मौर्यांचे सैन्य हे अशा खेळांचे आवडते सैन्य. हत्ती असल्यामुळे ते टेबलावर उठून दिसते. परंतु या सैन्याच्या सर्वांत मोठ्या विजयाचा वृत्तांत ज्याने लिहून ठेवला, तो विजेताच होता, आणि तो वृत्तांत कोणत्याही खेळाच्या नियमात बसत नाही.

अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगाच्या युद्धाचे आकडे आहेत. दीड लाख माणसे धरून नेली गेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कित्येक पट मेली. या तीन आकड्यांतला तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रणात पडलेल्यांची गणना कोणताही राजा करतो. जे रणाबाहेर मेले, उपासमारीने, रोगाने, वियोगाने, त्यांना हा राजा आपल्या हिशेबात घेतो. दास आणि सेवकांशी नीट वागणाऱ्या साध्या गृहस्थांवर, त्यांच्या आप्तांवर काय कोसळले, हेही तो लिहितो. म्हणजे छावणीतला, गावातला, मोजणीबाहेरचा माणूस या दगडावर मोजला गेला. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेसाठी अशोक विजयादशमीचा दिवस निवडला, त्यामागचे एक कारण मी येथे शोधतो. विजयाचा दिवस असा की ज्या दिवशी जिंकणाऱ्याने मेलेल्यांकडे पाहिले.

यावरून आपण खेळ बंद करावेत असा निष्कर्ष मी काढत नाही. मुले फौज मांडणारच. आणि वस्तीतल्या पोरांनी माती कालवू नये, असे सांगणारा मी कोण? आपल्या शाळांतून, वसतिगृहांतून, वाचनालयांतून हे खेळ जरूर खेळले जावेत. फक्त नियम आपण करावेत. किल्ला केला तर घेरा करावा आणि घेऱ्यातल्या माणसाला नाव द्यावे. टेबलावर लढाई मांडली तर छावणी पूर्ण मांडावी: गवतवाला, पाणक्या, दळणारी बाई, आणि त्यांच्यावाचून एक चाल चालून दाखवा, असे खेळाडूला म्हणावे. गवतवाला मेला की घोडदळ थांबले पाहिजे, असा साधा नियम घातला तरी अनेक कादंबऱ्यांचे शौर्य निकालात निघेल. डाव संपल्यावर मोहरे डब्यात भरण्यापूर्वी किती मेले ते मोजून फळ्यावर लिहावे, दोन्ही बाजूंचे, छावणीसकट.

इतिहासाच्या शिक्षकांना हे खुळचटपणाचे वाटेल. परंतु आज जो मुलगा किल्ल्याच्या परीक्षकाला 'वर जागा नव्हती' असे उत्तर देतो, तो उद्या बारावीच्या वर्गात आपल्यासमोर बसणार आहे. त्याला बखरीतले उतारे समजावून देताना, गडाच्या खाली कोण होते हा प्रश्न त्याने विचारला, तर त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ते आपल्याला शोधून तयार ठेवावे लागेल. घेऱ्यांच्या गावांत म्हातारी माणसे आहेत, वतनाचे कागद आहेत, शेतांची आणि वाटांची नावे आहेत. विद्यार्थ्यांना घेऊन ती गोळा करण्याचे काम कोणत्याही महाविद्यालयाला एका सुटीत सुरू करता येईल. दिवाळीच्या सुटीत तर ते सर्वांत सोयीचे आहे.